क्लचचं गणित आणि तात्यांचा ट्रक

थर्ड इयरच्या ओरलला मेकॅनिकलवाल्यांना एक प्रश्न हमखास येतो. "क्लचचं काम काय?" उत्तरही ठरलेलं आहे. आपण हाताच्या दोन पंजांनी प्लेटा जवळ आणून, लांब नेऊन दाखवतो, सर मान डोलावतात आणि पुढचा रोल नंबर आत जातो. पेपरात क्लचचं गणित आलं तर आणखी बरं. यूनिफॉर्म प्रेशर की यूनिफॉर्म वेअर एवढं ओळखलं की आठ मार्क खिशात. मलाही मिळाले, पैकीच्या पैकी!

त्याच वर्षी दसऱ्याच्या आधी सुट्टीवर घरी गेलो. आमचं गाव फलटण तालुक्यात. तात्यांचा म्हणजे माझ्या चुलत्यांचा एक सहाचाकी डिझेल ट्रक आहे. आषाढात माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड करत पुढे जाते तेव्हा हा ट्रक एका दिंडीचं सामान वाहतो. तंबू, भांडी, शिधा, थकलेली म्हातारी माणसं. दसऱ्याच्या आसपास कारखान्यांचे बॉयलर पेटले की तो उसाला लागतो. त्या वर्षी गाडी ओढेना. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन रेस व्हायचं, गाडी मात्र जागच्या जागी कुंथायची. चढाला जळका वास यायचा. तात्या म्हणाले, "पिलेट गेली. घरीच करू. मिस्त्रीला बोलाव."

तर घरी, अंगणात, लिंबाखाली ट्रकचा क्लच बदलावा का, हा या लेखाचा विषय. हॉस्टेलच्या मासिकात हा काय विषय झाला का, असं कुणाला वाटेल. शेवटपर्यंत वाचा, मग बोला.

आधी प्लेट का जाते ते बघू, कारण इथे आपलं पुस्तक खरंच उपयोगी पडतं. क्लचमध्ये प्लेटेच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचं अस्तर असतं. एका बाजूला फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला प्रेशर प्लेट, आणि स्प्रिंगा या सगळ्याला दाबून धरतात. टॉर्क किती पोचणार ते घर्षणाचा गुणांक, स्प्रिंगांचा दाब, सरासरी त्रिज्या आणि दोन पृष्ठभाग यांच्या गुणाकारावर ठरतं. गाडी उभी असताना क्लच सोडतो तेव्हा प्लेट घसरत घसरत पकडते. इंजिनाचा वेग साधारण तोच राहिला तर सपाट रस्त्यावर गाडीला जितकी गतिज ऊर्जा मिळते जवळपास तितकीच उष्णता क्लचमध्ये निघते. आता आकडे घाला. १६ टनांची गाडी सेकंदाला २ मीटर वेगापर्यंत आणली की गतिज ऊर्जा झाली ३२ हजार जूल. म्हणजे क्लचमध्येही ३२ हजार जूल उष्णता. एवढ्यात लिटरभर पाणी साडेसात अंशांनी तापेल. हे एकदा गाडी उठवायचं बिल! भरल्या उसाची गाडी भिजल्या रानातून बाहेर काढायची म्हणजे वजन जास्त, चढ जास्त, घसरण जास्त. आणि वारीत तर पुढं माणसांचा समुद्र, मागं गाड्यांची रांग, दिवसभर हाफ क्लचवर गाडी मुंगीच्या पावलानं. पांडुरंगाच्या वाटेवर पुण्य माणसांना लागतं, झीज प्लेटेला!

पुढची गोष्ट ओरलला कुणी विचारत नाही. प्लेट झिजली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या दिशेनं सरकते आणि तिची बोटं मागं, रिलीज बेरिंगकडे येतात. म्हणून पेडलचा मोकळा खेळ कमी होतो. वेळच्या वेळी सेटिंग केलं नाही तर बेरिंग बोटांवर टेकून राहतं आणि पाय पेडलवर नसतानाही क्लच थोडा दाबलेलाच राहतो. साध्या स्प्रिंगांच्या क्लचमध्ये झिजेबरोबर स्प्रिंगा लांबतात आणि दाबही कमी होतो. दाब कमी म्हणून घसरण, घसरण म्हणून उष्णता, उष्णतेनं घर्षण कमी, म्हणून आणखी घसरण. कर्जावर व्याज आणि व्याजावर व्याज, तसलं हे प्रकरण. पेडलवर पाय ठेवून गाडी चालवायची सवय असेल तर हेच सगळं फुकटात आणि लवकर.

आता काम. मिस्त्री आला. शाळा सातवीपर्यंत. हातात रिंग पाने, टॉमी, हातोडा आणि एक जुना शाफ्ट. तो शाफ्ट कशाला हे मला तेव्हा कळलं नाही. क्रमानं सांगायचं तर मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडायचा, गिअरचं लिंकेज आणि क्लचची जोडणी सोडायची, गिअरबॉक्सखाली आधार द्यायचा, बेल हाउसिंगचे बोल्ट काढायचे आणि गिअरबॉक्स सरळ मागं ओढायचा. तो तिरका करून शाफ्टावर लोंबकळत ठेवला तर प्लेट वाकते. प्रेशर प्लेटचे बोल्ट एकदम नाही, समोरासमोरचे थोडे थोडे सैल करायचे. मग फ्लायव्हील बघायचं. निळे डाग, चिरा, रिव्हेटांनी पाडलेल्या चऱ्या असतील तर लेथवर फेसिंग. क्रँकचं मागचं ऑइल सील पाझरत असेल तर ते आधी, नाहीतर नवीन प्लेट महिनाभरात तेलकट होऊन घसरायला लागते. रिलीज बेरिंग आणि फ्लायव्हीलमधलं पायलट बेरिंग हातानं फिरवून बघायचं. रिलीज बेरिंग तर नवीनच टाकायचं, कारण ते पुन्हा बदलायचं म्हणजे सगळं पुन्हा उतरवायचं. नवीन प्लेट लावताना तिची बाजू बघायची. आणि तो जुना शाफ्ट? प्लेट बरोबर मध्यभागी येण्यासाठी. तो आत घालून प्लेट धरायची, मग प्रेशर प्लेट आवळायची. जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट म्हणजे फुकटातलं अलाइनमेंट टूल.

बघा, यातली एकही गोष्ट अवघड नाही, आणि यातली एकही गोष्ट मला येत नव्हती.

पण जे मला येत होतं, तेही मी बोललो नाही. खरा मुद्दा तो आहे.

त्या दिवशी आदल्या रात्रीचा पाऊस होता. आमचं अंगण मागं ओढ्याकडे उतरतं. खाली शिरायला जागा व्हावी म्हणून पुढचा ॲक्सल जॅकवर उचलला होता. जॅक थेट मातीवर. चाकाला दगड नव्हता. मी चुलतभावाला विचारलं, "उटी नाही लावायची?" तात्या म्हणाले, "आरं, गाडी गिअरमधी हाय." मी गप्प बसलो.

आता तुम्ही मेकॅनिकलचे असाल तर इथे थांबा आणि विचार करा. गाडी गिअरमध्ये ठेवली की का थांबते? चाक, डिफरन्शियल, प्रोपेलर शाफ्ट, गिअरबॉक्स, क्लच, इंजिन अशी साखळी जोडलेली असते आणि इंजिनाचं कॉम्प्रेशन चाकाला अडवतं. ही पॉवर ट्रान्समिशनची आकृती मी जर्नलमध्ये काढली होती, शेडिंगसकट. आणि मिस्त्री पहिली कुठली गोष्ट काढत होता? प्रोपेलर शाफ्ट! तो सुटला की गिअरमध्ये ठेवलेली गाडी आणि न्यूट्रलमधली गाडी यांत काडीचा फरक उरत नाही. काही जुन्या गाड्यांचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवर असतो, त्यांचा तर ब्रेकही त्याच क्षणी जातो. हे मला माहीत होतं. पेपरात विचारलं असतं तर लिहिलं असतं. पण समोर तात्या, ज्यांनी वीस वर्षं गाडी चालवलेली, आणि खाली मिस्त्री, ज्यानं कितीक क्लच केलेले. मी कोण सांगणारा? पुस्तकी पोरगं!

शेवटचा बोल्ट निघाला आणि गाडी वीतभर मागं सरली. जॅक तिरका झाला, पुढची बाजू धप्पकन खाली आली. चाकं काढलेली नव्हती म्हणून ती चाकांवर टेकली आणि मिस्त्रीच्या छातीवर जेमतेम जागा राहिली. चुलतभावानं धावत जाऊन चाकामागं दगड टाकला. मिस्त्री सरपटत बाहेर आला. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. काकूंनी पाणी आणलं. त्यानं ते प्यायलं, विडी पेटवायला गेला तर काडी पेटेना, हात थरथरत होता. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "काय इंजिनेरसायेब, तुमी बगत हुतासा की!"

रागानं नाही म्हणाला. म्हणूनच जास्त लागलं.

यावरून कुणी म्हणेल, बघा, म्हणूनच घरी करू नये, सरळ वर्कशॉपला न्यावी. आमच्या हॉस्टेलमध्येही हेच मत जास्त आहे. गाडी वॉरंटीत असेल तर मीही तेच म्हणेन. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत सेन्सर आणि वायरिंगचं जंजाळ वाढलंय, तिथे उगाच हात घालू नये हेही खरं. पण दहा-पंधरा वर्षांची गाडी, एकट्या मालकाची, हंगाम आठ दिवसांवर. ज्या गाडीचा क्लच पकडत नाही ती टो करून शहरात न्यायची, नंबर लावायचा, चार दिवस थांबायचं, आणि तेवढे दिवस हप्ता काही थांबत नाही. "वर्कशॉपला न्या" हे सांगणं सोपं आहे, कारण सांगणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही. आपल्याकडे ही कामं लिंबाखालीच होत आली आणि होत राहणार. १९५४ साली टाटांनी डाइमलर-बेंझबरोबर जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले तेव्हापासून देशभरच्या रस्त्याकडेच्या मिस्त्र्यांनी ते उघडले, जोडले आणि चालवत ठेवले. प्रश्न घरी करावं की नाही हा नाहीच. कसं करावं आणि तिथे आपण काय करतो, हा आहे.

माझं मत विचाराल तर घरी जरूर करा, पण तीन गोष्टी पाळून.

एक. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. खाली जाड फळी, उचलल्यावर स्टँड किंवा लाकडी ठोकळ्यांची चवड, आणि दोन्ही मागच्या चाकांना पुढून मागून उट्या. विटा नकोत, वीट न सांगता फुटते. आणि हे सगळं प्रोपेलर शाफ्टला पाना लावायच्या आधी. गिअरबॉक्स छातीवर पेलून उतरवण्यात मर्दुमकी नाही. साखळी-चेनपुली नाहीतर दुसरा जॅक घ्या.

दोन. धूळ. बेल हाउसिंग उघडलं की आत काळी भुकटी दिसते. आमच्या मिस्त्रीनं फुंकर मारली, पुढच्या गॅरेजवाला कॉम्प्रेसरची हवा मारतो. ती भुकटी म्हणजे झिजलेलं अस्तर. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस सर्रास असायचं. बऱ्याच नवीन प्लेटांत ते नसतं, पण नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. आपल्या देशात ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नव्यानं परवानगी मिळत नाही, मात्र पांढरं ॲस्बेस्टॉस बाहेरून आणणं आणि वापरणं चालू आहे. त्याचे तंतू फुफ्फुसात बसले की आजार वीस-तीस-चाळीस वर्षांनी डोकं वर काढतो. २७ जानेवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. ॲस्बेस्टॉसच्या कामगाराची आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे नंतर संपेल तोवर ठेवा. चांगला निकाल आहे. पण लिंबाखालच्या मिस्त्रीची नोंद कोण ठेवणार? त्याच्या हाताखालच्या पोराची? त्यांना खोकला आला तर विडीचा म्हणणार आणि सोडून देणार. म्हणून भुकटी फुंकायची नाही, झटकायची नाही. साबणाच्या पाण्याचं ओलं फडकं घेऊन पुसायची, फडकं ओलं असतानाच पिशवीत बांधून टाकायचं, तोंडाला नुसता रुमाल नाही, चांगला मास्क लावायचा आणि ते कपडे वेगळे धुवायचे. याला खर्च किती? एका वडापावपेक्षा फार नाही.

तीन. प्लेट बदलणं ही दुरुस्ती नाही. प्लेट का गेली हे शोधणं ही दुरुस्ती. सील पाझरत होतं का? पेडलला खेळ नव्हता का? ड्रायव्हरचा पाय पेडलवर असतो का? भार जास्त असतो का? यातलं काही न बदलता नुसती प्लेट टाकली तर पुढच्या वारीला तीच आरती. आमच्या गाडीत कारण पेडलच्या सेटिंगचं निघालं. पाना लावून पाच मिनिटांचं काम, जे सहा महिने राहून गेलं होतं.

आता थोडं आपल्याबद्दल. फर्स्ट इयरला आपण वर्कशॉपमध्ये खाकी ड्रेस घालून कानशीनं एक चौकोनी तुकडा घासतो आणि तोही बऱ्याचदा अर्धा असिस्टंटच घासून देतो. पुढे आयसी इंजिनाच्या लॅबमध्ये कापून रंगवलेलं कट-सेक्शन मॉडेल असतं. लाल रंग इथे, निळा रंग तिथे. त्याला तेल लागलेलं नसतं, गंज नसतो, त्याचे बोल्ट अडकत नाहीत. ते मॉडेल आपल्याला नावं शिकवतं, पण "शाफ्ट सोडला तर गाडी सुटेल" हे शिकवत नाही. कारण मॉडेल कुठंच जात नसतं.

आपला भाग काही रिकामा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हीजेटीआयमध्ये शिकवत. त्यांच्या उद्योगाची सुरुवात बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून झाली. पुढे लोखंडी नांगर आला आणि १९१० ला कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. खुद्द फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था १९६८ पासून आहे. आयआयटी कानपूरला शिकून, फ्लोरिडात पीएचडी करून अनिल राजवंशी १९८१ साली तिथे आले ते तिथलेच झाले. इथेनॉलवर चालणारा कंदील नि शेगडी, बॅटरीवरची रिक्षा अशी कामं त्यांनी या गावात बसून केली. २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. फलटणजवळ सुरवडीला कमिन्सचे कारखाने आहेत, तिथे आपले कितीतरी सीनियर लागलेत. म्हणजे इंजिनं बनतात इथे, फिरतात इथे, झिजतात इथे. फक्त आपण आणि मिस्त्री एकमेकांशी बोलत नाही.

"पण पुढचा जमाना इलेक्ट्रिकचा, मोटर शून्यापासूनच टॉर्क देते, क्लचच लागणार नाही," असं एका मित्रानं ऐकवलं. बरोबर आहे. पण गाडीखाली शिरताना उटी लावायची की नाही, धूळ फुंकायची की पुसायची, बिघडलेलं बदलायचं की का बिघडलं ते शोधायचं, हे प्रश्न मोटर लावल्यानं सुटत नाहीत. उलट उद्याच्या मिस्त्रीपुढे बॅटरीचा हाय व्होल्टेज असेल आणि तेव्हाही आपल्यापैकी कुणीतरी बाजूला उभा राहून बघतच असेल.

म्हणून सरांना एक विनंती आहे. डिपार्टमेंटच्या मागच्या शेडमध्ये एक भंगारातला ट्रकचा गिअरबॉक्स क्लचसकट आणून ठेवावा. रंग न देता. थर्ड इयरच्या प्रत्येक बॅचनं तो एकदा उतरवावा, एकदा चढवावा, आणि ते शिकवायला एखाद्या मिस्त्रीला मानधन देऊन बोलवावं. सरांनी त्याला टॉर्कचा हिशोब आणि ॲस्बेस्टॉसचा धोका सांगावा, त्यानं आपल्याला पाना कसा धरायचा ते सांगावं. जर्नलची चार पानं कमी झाली तरी चालतील, नाहीतरी ती आपण कुणाची तरी उतरवूनच काढतो.

आणि मित्रांनो, तुम्हाला एवढंच. दिवाळीला घरी जाल तेव्हा कुणाचा तरी ट्रॅक्टर, पंप, नाहीतर ट्रक उघडलेला असेल. मोठी माणसं असतील, तुमच्यापेक्षा जास्त जाणणारी. तरी दिसलं तर बोला. फार तर हसतील. "आला शाणा" म्हणतील. म्हणू देत.

तात्यांची गाडी त्या हंगामात व्यवस्थित चालली. आता काम काढलं की मिस्त्री आधी दोन जाड लाकडी उट्या मागतो. त्या मी सुट्टीत घरीच करवतीनं कापून, घासून केल्यात. फर्स्ट इयरचं कारपेंट्री तेवढं कामाला आलं.